‘श्यामची आई’ दाखवावा, पण कोणत्या वयाला आणि कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साने गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला असते. तिच्या आगेमागे अनेक शाळा, बालवाचनालये आणि गृहसंकुले लहान मुलांना ‘श्यामची आई’ हा गुरुजींच्या पुस्तकावरचा, आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा चित्रपट दाखवतात. या चित्रपटाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. हा चित्रपट प्रत्येक मुलाने पाहिलाच पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. आई मुलाला छडीने मारते असा चित्रपट आजच्या मुलांपुढे आणूच नये, असे दुसरा म्हणतो. मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले असून निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या एका बालवाचनालयाचे काम पाहते. गेल्या वर्षापर्यंत मी पहिल्या पक्षात होते. आता मी दोन्ही पक्षांत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही वाचनालयातल्या सुमारे चाळीस मुलांना हा चित्रपट दाखवला. त्यांत बालवर्गापासून पाचवीपर्यंतची मुले होती आणि सर्वांना एकत्र बसवण्याचा आग्रह माझाच होता. पहिली वीस मिनिटे चुळबुळीत गेली. “हे रंगीत कधी होणार?” असे एकाने मोठ्याने विचारले आणि सगळे हसले. ‘छडी लागे छमछम’ सुरू होताच मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला, कारण शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या गाण्यावर त्यांतली निम्मी मुले नाचलेली होती. पुढे पोहण्याचा प्रसंग आला. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई शोधून काढते आणि मारत विहिरीकडे पाठवते, तेव्हा सभागृह एकदम चिडीचूप झाले. माझ्या शेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीने माझ्या पदराचे टोक घट्ट धरले आणि हळूच विचारले, “त्याची खरी आई आहे ना ती?” मी “हो गं” म्हटले आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागले. तिला त्या वेळी बाहेर घेऊन जायला हवे होते, हे मला फार उशिरा कळले. सावकाराचा तगादा आणि घरादारावरचे संकट पाहताना तिसरीतल्या एका मुलाने मागे वळून, बँकवाले आपले घरही असेच नेतात का, असे विचारले. शेवटी आठदहा मुले हुंदके देऊन रडली. आमच्या एका सहकारी बाईंना मनापासून समाधान वाटले; आजही एवढा परिणाम होतो, असे त्या म्हणाल्या. मलाही तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दोन दिवसांनी त्या सहा वर्षांच्या मुलीच्या आईचा फोन आला. त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता, काळजीचा होता. मुलगी संध्याकाळी दाराशीच बसून राहते, आईला कामावरून यायला दहा मिनिटे उशीर झाला तरी रडू लागते, रात्री उठून आईच्या नाकाशी हात धरून पाहते, असे त्या सांगत होत्या. मी तेव्हा जरा गुर्मीतच उत्तर दिले, की मुलांना थोडे हळवे होऊ द्यावे. फोन ठेवल्यावर मात्र ते उत्तर मलाच खटकत राहिले. पुढच्या रविवारी मी घरी एकटीने तो चित्रपट पुन्हा पाहिला. मधली चाळीसएक वर्षे मी तो ‘दाखवला’ होता. शेवटपर्यंत लक्ष देऊन पाहिला नव्हता.

पाहताना पहिल्यांदा ध्यानात आले ते असे, की मुलगा नायक असलेला प्रत्येक चित्रपट मुलांसाठी नसतो. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढले, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. म्हणजे हे एका प्रौढ माणसाने तुरुंगाच्या एकांतात केलेले आईचे स्मरण आहे, आणि त्या स्मरणाच्या मुळाशी रुखरुख आहे. आपण आईला किती छळले, तिचे कष्ट आपल्याला तेव्हा कसे दिसले नाहीत, तिच्या अखेरच्या क्षणी आपण जवळ कसे नव्हतो, ही ती रुखरुख. पन्नाशीच्या माणसाला हा चित्रपट पाहताना रडू येते ते याच रुखरुखीमुळे, कारण प्रत्येकाच्या गाठीशी स्वतःची एखादी तरी अशी चूक असते. सहा वर्षांच्या मुलाच्या गाठीशी ती नसते. त्याची आई घरी आहे, आणि तिच्याशी तो आज सकाळीच दुधाच्या पेल्यावरून भांडलेला आहे. त्याचे रडणे भीतीचे असते. सभागृहात दिवे लागल्यावर दोन्ही वयांचे डोळे सारखेच ओले दिसतात आणि आपण मोठी माणसे त्या दोन्हींना ‘संस्कार’ असे एकच नाव देऊन मोकळे होतो.

या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे ते पहिलेच वर्ष होते आणि पदक सर्वोत्कृष्ट कथापटाचे होते. बालचित्रपट म्हणून ते दिलेले नव्हते. अत्र्यांनाही हा फरक ठाऊक नसणे अशक्य होते. ते लंडनला जाऊन शिक्षणशास्त्र शिकून आलेले शिक्षक होते, आणि कोणत्या इयत्तेच्या मुलाला कोणता धडा पचेल याचा विचार करून त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ इयत्तावार सिद्ध केली होती. (महाराष्ट्राला पोट धरून हसवणाऱ्या या माणसाने महाराष्ट्राला सर्वांत जास्त रडवणारा चित्रपट काढावा, याचे मला राहून राहून नवल वाटते.) वाचनमालेच्या बाबतीत पाळलेला इयत्तेचा विवेक त्यांच्या चित्रपटाच्या बाबतीत आपण मात्र पाळत नाही.

आता छडीविषयी. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. म्हणून हा प्रसंग गाळावा, असे काही पालक सुचवतात. मला ते पटत नाही. कात्री लावलेला चित्रपट दाखवण्यापेक्षा तो न दाखवलेला बरा. शिवाय त्या मारण्याला कथेत कारण आहे आणि पुढचा भागही आहे. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे हे त्या आईला सहन होत नाही, आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. दहा वर्षांचे मूल हे दोन्ही प्रसंग जोडून पाहू शकते, त्यावर वाद घालू शकते, आईचे चुकले असेही म्हणू शकते. आमच्या पाचवीतल्या एका मुलीने तसे स्पष्ट सांगितले, की पोहायला शिकवायचे होते तर आईने आधी स्वतः पाण्यात उतरायला हवे होते. सहा वर्षांच्या मुलाला ती जोडणी करता येत नाही. त्याच्या गोष्टींच्या जगात मारते ती सावत्र आई. म्हणूनच त्या मुलीने मला तो प्रश्न विचारला होता. तिला छडीची भीती वाटली नव्हती. खरी आईसुद्धा असे करू शकते, या शक्यतेने ती हादरली होती.

आजची मुले मोबाइलवर याहून कितीतरी भयंकर मारामाऱ्या पाहतात, हा युक्तिवाद मी हमखास ऐकते आणि पूर्वी स्वतःही करत असे. त्यात एक चूक आहे. कार्टूनमधला राक्षस मुलाच्या घरी राहत नाही, आई राहते. मुलाला घाबरवणारी गोष्ट किती रक्तबंबाळ आहे यापेक्षा ती त्याच्या अंथरुणाच्या किती जवळ आहे, हे महत्त्वाचे असते. आणि या चित्रपटाची सारी थोरवी तर तो प्रत्येकाच्या घरात शिरतो यातच आहे.

कर्जाचा भागही असाच. मूळ पुस्तकात कर्जाला जिवंतपणीचा नरक म्हटले आहे आणि उत्तरार्धातल्या अनेक रात्री (पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे) त्याच छायेत जातात. आपण हा भाग ‘जुन्या काळची गरिबी’ म्हणून सोडून देतो, पण ज्या घरात महिन्याच्या हप्त्याची चर्चा जेवताना होते त्या घरातल्या मुलाला तो जुना वाटत नाही. त्या तिसरीतल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बसवून घेतले आणि सावकारी कर्ज व बँकेचे कर्ज यांतला फरक मला जमला तसा सांगितला. त्याचे समाधान झाले की माझी दया आली, हे सांगता येत नाही; पण तो पुस्तक बदलून घेऊन गेला.

मला सर्वांत कठीण वाटतो तो मोळीचा प्रसंग, आणि त्याविषयी वृत्तपत्रांतून मी फारसे वाचलेले नाही. म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडते आणि ‘शिवाशिव’ होईल म्हणून कोणी हात लावत नाही, तेव्हा आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते. पुस्तकात हा भाग ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री येतो, आणि तिथे आई श्यामला मोळी देऊन आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. म्हणजे ती आई रूढीच्या भिंतीला खिंडार पाडते, पण भिंत ओलांडत नाही. पुढे याच श्यामने मोठेपणी, १९४७ साली, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्यांना खुली व्हावीत म्हणून प्राणांतिक उपोषण केले. ती भिंत ओलांडायला त्याला तीसेक वर्षे लागली, असे मी म्हणेन. मुलांना सांगण्यासारखे यात पुष्कळ आहे. पण ते कोणी सांगितले नाही तर मूल काय पाहते? एक केविलवाणी म्हातारी आणि तिच्यावर दया करणारे चांगल्या घरचे लोक, एवढेच. आमच्या चाळीस मुलांत अशी मुलेही होती की ती मोळीवाली म्हातारी त्यांचीच पणजी असू शकली असती. त्यांनी तो प्रसंग अंधारात, शेजारच्या मुलाकडे न पाहता, कसा पाहिला असेल याचा विचार मी इतक्या वर्षांत कधी केला नव्हता. शिक्षिका म्हणून मला याची लाज वाटते. हा प्रसंग टाळू नये, पण तो दाखवण्याआधी आणि नंतर शब्द खर्च करावे लागतात, आणि ज्यांची तशी तयारी नसेल त्यांनी चित्रपट लावून बाजूला चहा पीत बसू नये.

कोणी म्हणेल की योग्य-अयोग्य ठरवायला सेन्सॉरचे प्रमाणपत्र आहेच. पण हा चित्रपट आला तेव्हा प्रमाणपत्राचे मुख्य वर्ग दोनच होते: एक सर्वांसाठी आणि दुसरा फक्त प्रौढांसाठी. पालकांच्या मार्गदर्शनाचा मधला वर्ग १९८३ साली आला, आणि त्याचे सात, तेरा व सोळा वर्षांवरील असे तीन पोटभाग तर अगदी अलीकडे, २०२४ च्या नियमांनी झाले. सात वर्षांचा प्रेक्षक आणि तेरा वर्षांचा प्रेक्षक एक नव्हे, हे कायद्याने मान्य करायलाच सत्तर वर्षे गेली. आणि तरीही प्रमाणपत्र एवढेच सांगते, की चित्रपटात आक्षेपार्ह असे काय आहे किंवा नाही. ‘श्यामची आई’मध्ये आक्षेपार्ह काहीच नाही. अमुक एका मुलाला त्यातले काय सोसेल, हे मात्र त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसालाच ठरवता येते.

माझे मत विचाराल तर, आठ वर्षांखालच्या मुलांना हा चित्रपट दाखवू नये. आठ ते दहा या वयात तो घरी, आईवडिलांपैकी कोणाच्या तरी शेजारी बसून पाहावा, म्हणजे मधेच थांबवता येतो आणि मुलाला उठून पाणी पिऊन येता येते. त्यापुढच्या मुलांना तो सभागृहात जरूर दाखवावा. ही वये काही दगडावरची रेघ नव्हेत. ज्या मुलाच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, किंवा ज्याची आई आजारी आहे, त्याच्या बाबतीत वय बाराचे असले तरी आधी घरी विचारावे. आम्ही विचारले नव्हते. प्रवेशपत्रिकेवर जेवणाच्या डब्याची सूचना होती, याची नव्हती.

आणि ‘कसा दाखवावा’ याचे उत्तर तर मूळ पुस्तकाच्या रचनेतच दिलेले आहे. साने गुरुजींनी ही कहाणी एका दमात सांगितलेली नाही. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री प्रार्थनेनंतर थोडी थोडी सांगतो, अशा बेचाळीस रात्री आहेत. ऐकणारे एकत्र बसलेले आहेत, गोष्ट संपली की कोणी काही विचारतो, कोणी गप्प राहतो, आणि मग मध्ये एक आख्खा दिवस जातो. आईच्या शेवटच्या आजाराची रात्र अडतिसावी आहे. तिच्यापर्यंत पोचताना ऐकणाऱ्याने मुकी फुले, मोरी गाय, अळणी भाजी, आनंदाची दिवाळी असे कितीतरी हसरे-खेळते मुक्काम केलेले असतात. चित्रपटाला हे करता येत नाही. दोन-अडीच तासांत त्याला आईच्या पदरावर पाय ठेवून उभ्या असलेल्या ओल्या श्यामपासून आईच्या मृत्यूपर्यंत जावे लागते. आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहरा आणि श्याम झालेल्या लहानग्या माधव वझ्यांचे निर्व्याज वागणे इतके खरे आहे, की मोठ्यांनाही मध्ये श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. ही चित्रपटाची ताकद आहे. लहान प्रेक्षकाला तीच जड जाते.

२०२३ साली सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर नवा चित्रपट केला आणि तोही कृष्णधवलच ठेवला. मुलांना जुना दाखवावा की नवा, असे मला काहींनी विचारले. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. दोन्हींत आई जातेच.

या वर्षी आमच्या वाचनालयात आम्ही पुढीलप्रमाणे ठरवले आहे. चित्रपट पाचवी ते आठवीच्या मुलांनाच दाखवायचा आणि दोन दुपारी विभागून दाखवायचा. पहिली दुपार पोहण्याच्या प्रसंगापाशी न थांबवता श्याम आणि आई यांचे पुन्हा गूळपीठ जमल्यावर थांबवायची, म्हणजे मुले मार मनात घेऊन घरी जाणार नाहीत. सोवळे, जप्ती, मोळी, सावकार हे शब्द आधीच फळ्यावर लिहून त्यांच्याविषयी बोलायचे, कारण गेल्या वर्षी अर्ध्या मुलांना जप्ती हे एखाद्या माणसाचे नाव वाटले होते. दाखवणाऱ्या प्रत्येकीने आधी तो एकदा एकटीने पूर्ण पाहायचा, हा नियम मी हट्टाने घातला आहे. त्याच वेळी शेजारच्या खोलीत लहान मुलांना पुस्तकातली ‘मुकी फुले’ आणि ‘मोरी गाय’ ही प्रकरणे वाचून दाखवली जातील. कळ्या तोडू नयेत हे सहा वर्षांच्या मुलाला नीट समजते, आणि त्यासाठी त्याची झोप उडवावी लागत नाही. त्या मुलीने यायचे कबूल केले आहे. मात्र आई बाहेरच्या बाकावर बसणार असेल तरच, अशी तिची अट आहे, आणि आम्ही बाक दाराशी आणून ठेवणार आहोत.

मोळीच्या प्रसंगाविषयी मुलांशी कोणी आणि कोणत्या शब्दांत बोलावे, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही. आमच्या कार्यकर्त्यांपैकी एका ताईंनी स्वतःच्या आजीच्या आठवणी सांगण्याची तयारी दाखवली आहे. पण सगळा भार पुन्हा त्यांच्यावरच टाकणे योग्य होईल का, हा प्रश्न दुसऱ्या एका बाईंनी उपस्थित केला आणि तो मला रास्त वाटतो. इतर शाळांनी किंवा वाचनालयांनी हे कसे हाताळले असेल ते कोणी आपल्या वृत्तपत्रातून कळवल्यास, २४ डिसेंबरपूर्वी आम्हाला त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ठाणे